मुक्कामी फौज

कुमुदिनी पेडणेकरबाई रागावल्या की मालवणीत बोलत, आणि कुणावर जीव जडला तरी मालवणीतच बोलत. एरवी त्यांची भाषा शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखी स्वच्छ. आयुष्यभर मराठी शिकवलेलं, ते निवृत्तीनंतरही अंगातून गेलं नव्हतं. त्यामुळे शेजारच्या रघुवीर केळुसकरांना भिंतीपलीकडून मालवणीत हाक आली, की ती रागाची की दुसरी, हे ठरवायला उठून जावं लागे. ते आनंदानं उठत. आजवर प्रत्येक वेळी ती रागाचीच निघाली होती.

सावंतवाडीहून आंबोली घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात ही दोन जुळी घरं होती. मधली भिंत एकच, जांभ्या चिऱ्याची. जांभ्याला मुळातच भोकं फार. त्या भिंतीतून फोडणीचा वास जाई, रेडिओवरच्या बातम्या जात आणि मुंग्या जात.

"ओ केळुसकर! तुमच्यो मुंग्यो परत इल्यो!"

"माझ्या कशावरून, बाई?"

"तुमच्या बाजूसून इल्यो म्हणान!"

मग केळुसकर फडकं आणि हळदीची पूड घेऊन जात. मुंग्यांची रांग पुसत, भोकात हळद दाबत. बाई ओट्यापाशी उभ्या राहून सूचना देत आणि शेवटी चहाचा कप पुढे सरकवत. "तुमच्यासाठी केला नाही. जास्त झाला." गेली काही वर्षं तो चहा आठवड्यातून दोन-तीनदा न चुकता जास्त होत होता. केळुसकर विधुर, बाई विधवा. गावाला त्यात बोलण्यासारखं काही दिसत नव्हतं, कारण गावाला फक्त भांडणच ऐकू येत होतं.

मुंग्या कुठून येतात हे केळुसकरांना नेमकं ठाऊक होतं. त्यांच्या देवघरामागच्या भोकात अधूनमधून चमचाभर साखर तेच घालत. मुंग्यांना साखर घातली की पुण्य लागतं, असं त्यांच्या आईनं लहानपणी सांगितलं होतं. ते भोक आरपार आहे आणि पलीकडे नेमका बाईंचा ओटा आहे, हा केवळ योगायोग.

पण मग वेड्या मुंग्या आल्या.

पिवळसर, लांब पायांच्या, एका रेषेत न चालता घाबरल्यासारख्या सैरावैरा धावणाऱ्या. गेल्या काही वर्षांत उकाडा वाढला तसा त्यांनी किनाऱ्यापासून घाटापर्यंतचा सगळा मुलूख घेतला होता. साध्या मुंग्यांच्या वारुळात एक राणी असते. यांच्या वारुळात शेकड्यांनी, त्यामुळे औषध मारून काही मेल्या तरी कारभार थांबत नाही. गावातल्या विजेच्या मीटरांत त्या शिरल्या, पंपांत शिरल्या, आणि 'मीठ कमी खा' म्हणून सांगणाऱ्या नव्या फ्रिजांत शिरून त्यांनी फ्रिजांना गप्प केलं, तेवढंच एक बरं झालं. केळुसकरांनी घाबरून साखर बंद केली. या मुंग्यांना साखरेच्या आमंत्रणाची गरज नव्हती.

आषाढात एका सकाळी बाईंनी श्रवणयंत्र कानाला लावलं, तर आत मुंग्या. बाई दचकल्या, तोल गेला, मनगट मुरगळलं. ही बातमी बडोद्याला पोचली आणि बाईंचा मुलगा निनाद याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे भिंतीलाही ऐकू आला.

"आई, बस झालं आता. पुढच्या रविवारी मी येतोय तुला न्यायला. इथे सतराव्या मजल्यावर एक मुंगी दाखव मला."

"सतराव्या मजल्यावर तुला माणूस तरी दिसतो का रे?"

"आई, विषय बदलू नकोस. घर मुंगीमुक्त झालं तर तू तिथे राहा, मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर बॅग भर."

बाईंनी फोन ठेवला. केळुसकर भिंतीच्या अलीकडे हातातली कात्री तशीच धरून उभे राहिले. कात्री कशासाठी घेतली होती, ते त्यांना आठवेना.

त्याच दिवशी त्यांनी भाचीला फोन लावला. मैथिली आंबोलीतल्या एका संशोधन केंद्रात मुंग्यांवर काम करायची. "मामा, तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल विचारतोयस," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरला एक पेटी बांधून हजर झाली.

पेटी लहान बादलीएवढी होती. आत फौज होती.

"ही आपल्याच घाटातली जात," मैथिलीनं ओसरीवर बसून समजावलं. "लष्करी मुंगी. आकारानं जिऱ्याच्या दाण्याहून लहान, आणि ठार आंधळी. हिला स्वतःचं वारूळ नसतं. सगळ्या मिळून एकमेकींचे पाय धरून गोळा करून राहतात, आणि निघाल्या की सगळ्या निघतात. खातात फक्त दुसऱ्या मुंग्या. त्यातही मुख्यतः त्यांची पिल्लं, म्हणजे अळ्या न् कोष. एकदा वारुळातली पिल्लंच गेली की ते वारूळ संपलं."

"आंधळी आहे तर रस्ता कसा सापडतो?"

"वासानं. प्रत्येक मुंगी चालताना जमिनीवर वासाची रेघ सोडते, मागची त्या रेघेवरून चालते. आम्ही तो वास प्रयोगशाळेत बनवला." तिनं खिशातून साबणाच्या वडीएवढी, चार चाकांची एक वस्तू काढली. "हा वाटाड्या. हा पुढे रेघ ओढत जातो, फौज मागून. वेड्या मुंग्यांचा वास लागला की मग त्यांना कुणी सांगावं लागत नाही. संध्याकाळी वाटाड्याला उलटा फिरव, परत पेटीत येतील."

"म्हणजे सकाळी सुटते, संध्याकाळी आगारात." केळुसकरांचं सगळं आयुष्य सरकारी बसच्या चौकशीच्या खिडकीत गेलं होतं. जगातली कुठलीही गोष्ट एकदा गाड्यांच्या भाषेत आली की ती त्यांना समजे.

"हो. पण एक लक्षात ठेव. आत्ता यांच्यात हजारो अळ्या आहेत आणि त्या भुकेल्या आहेत. पोरं भुकेली आहेत म्हणून ही फौज चालते, दुसरं काही कारण नाही. बुधवारनंतर अळ्या कोषात जातील. पोरं झोपली की भूक थांबते, आणि फौज जिथे असेल तिथे थांबते. जवळपास महिनाभर हलत नाही. तेव्हा बुधवारच्या आत सोड. मला केंद्रातून निघता येणार नाही, तुलाच करायचंय."

"बुधवारच्या आत," केळुसकर म्हणाले, आणि त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्याचा त्यांना दांडगा सराव होता.

सोमवारी त्यांनी पेटी ओसरीवरून स्वयंपाकघरात आणली. मंगळवारी पाऊस होता. मुंग्या पावसात भिजतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, जरी त्यांना घराच्या आतूनच घराच्या आत जायचं होतं. खरी अडचण वेगळी होती. फौज नाही सोडली तर बाई बडोद्याला जाणार. सोडली तर बाई राहणार, पण मुंग्या नाहीत. आणि मुंग्याच नाहीत तर हाक नाही, फडकं नाही, जास्त झालेला चहाही नाही. मग त्यांनी तिकडे जायचं ते काय म्हणून? पेडणेकरबाईंच्या घरी नुसतंच बसायला जाणं म्हणजे... केळुसकर हा विचार पुरा करत नसत. पासष्टी उलटलेल्या माणसानं काही वाक्यं अर्धी सोडलेलीच बरी.

गुरुवारी सकाळी ते उठले ते ठरवूनच. बुधवार उलटला होता, पण किंचितच. त्यांच्या खिडकीत 'उशीर' हा शब्द कधी वापरला गेला नव्हता. 'गाडी मागून येत आहे' असंच ते सांगत. एका दिवसानं काय होतं?

त्यांनी बाईंना सगळी योजना सांगितली, साखरेचा भाग वगळून. मग पेटीचं दार उघडलं आणि वाटाड्याला भिंतीच्या भोकाकडे सोडलं.

पुढचे काही तास दोघंही ओट्यासमोर खुर्च्या टाकून बसले. भोकातून आधी एक तांबूस धागा बाहेर आला. मग धाग्याची दोरी झाली आणि दोरी ओट्यामागे, सिंकखाली, फरशीच्या फटीत शिरली. क्षणभर काहीच नाही. मग सगळ्या फटींतून वेड्या मुंग्या बाहेर पडल्या, तोंडात जमेल तेवढी पिल्लं घेऊन, आणि खरोखरच वेड्यासारख्या धावल्या. आंधळी फौज मात्र शांतपणे येत-जात राहिली. जाताना रिकामी, येताना प्रत्येकीच्या पोटाखाली एक पांढरा दाणा.

"किती शिस्त आहे हो," बाई म्हणाल्या. "माझा एकही वर्ग कधी असा चालला नाही."

"मला त्या पळणाऱ्यांची दया येते," केळुसकर म्हणाले.

"येऊ दे. पण माझ्या कानात बसल्या होत्या त्या."

संध्याकाळी घरात एकही वेडी मुंगी उरली नव्हती. केळुसकरांनी वाटाड्या उलटा फिरवला. वाटाड्या प्रामाणिकपणे रेघ ओढत पेटीत येऊन थांबला. त्याच्या मागून कुणीही आलं नाही.

शुक्रवारी सकाळी हाक आली.

"ओ केळुसकर! ह्या काय ता? हंय येवा आधी!"

बाईंच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यांच्या सासूबाईंचा दगडी रगडा होता. मिक्सर आल्यापासून तो बसूनच होता. त्या रगड्याच्या पोटात शहाळ्याएवढा एक तांबूस गोळा लटकला होता, आणि गोळा हळूच हलत होता, झोपलेल्या मांजरासारखा.

केळुसकरांनी मैथिलीला फोन लावून गोळा कॅमेऱ्यात दाखवला. 

"मामा. कधी सोडलीस?"

"बुधवारच्या जवळपास."

"म्हणजे गुरुवारी."

"गाडी जरा मागून आली."

"आता ही गाडी मुक्कामी आहे," मैथिली म्हणाली. तिलाही घरची भाषा येत होती. "पोरं कोषात गेली. आणि मधोमध राणी आहे. ती आता फुगणार, तिच्या पोटात अंडी भरतायत, हजारोंनी. ती अंडी फुटेपर्यंत आणि कोषातली पोरं उठेपर्यंत हा गोळा हलवायचा नाही. हलवला तर राणी मरेल आणि सगळी फौज संपेल. काकू, तुम्हाला काही करणार नाहीत त्या. साखरेला शिवणार नाहीत, धान्याला शिवणार नाहीत. फक्त धक्का लावू नका."

बाईंनी फोन आपल्या हातात घेतला. "म्हणजे तिला दिवस गेलेत?"

"हं... तसं म्हणायला हरकत नाही."

"किती महिन्यांची आहे?"

"काकू, मुंग्यांना महिने नसतात."

"नसले तरी बाळंतपण ते बाळंतपणच. तू सांग, तिला काय चालतं आणि काय नाही."

फोन ठेवून बाई रगड्याशेजारी पाटावर बसल्या. त्यांना एकच मुलगा, नणंद नाही, भाची नाही. "या घरात कधी कुणी माहेरपणाला आली नाही हो," त्या स्वच्छ मराठीत, अगदी हळू म्हणाल्या. मग पदर खोचून उठल्या. "माझा गॅस उचला. त्या गोळ्याला धग लागेल. मी तुमच्याकडे शिजवीन."

अशा रीतीनं पेडणेकरबाईंचा स्वयंपाक केळुसकरांच्या घरात आला. येताना मसाल्याचा डबा, खोबरं किसायची अडोळी आणि केळुसकरांच्या आजवरच्या जेवणाबद्दलची मतं घेऊन आला. "ह्या तव्यावर तुम्ही खात होतात?" "ही हळद आहे? मला वाटलं रांगोळी." केळुसकर प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते आणि दुसरी वाटी आमटी घेत होते.

रगड्यावर बाईंनी वेताची दुरडी उपडी घातली. दुपारी दुरडीशेजारी अळिवाच्या लाडवाचा बारीक चुरा ठेवला. संध्याकाळी तो जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी खोबऱ्याचा कीस ठेवला. तोही तसाच.

"माहेरी येऊन तोंडात घास नाही," बाई दुखावून म्हणाल्या.

"बाई, त्या फक्त मुंग्या खातात."

"एखादी चांगलीशी मुंगी मिळते का बघा मग."

रविवारी निनाद आला. त्याच्या स्वयंचलित गाडीनं गल्लीतली लाल माती पाहिली आणि 'हा रस्ता नाही' असं सांगून ती हमरस्त्यावरच थांबली, त्यामुळे तो चालत, घामेजून आला. आईच्या स्वयंपाकघरात आई नव्हती. ओटा रिकामा, गॅस गायब, कोपऱ्यात दुरडी. त्यानं दुरडी उचलली आणि तितक्याच हळू परत ठेवली.

"आई! घरात मुंग्यांचा अख्खा गोळा आहे!"

"ओरडू नको, ती निजली आहे." बाई केळुसकरांच्या दारातून आल्या, हाताला पीठ.

"कोण निजली आहे?"

मग त्याला सगळं सांगण्यात आलं. निनाद इंजिनियर होता. त्याला वाटाड्या समजला, वास समजला, रेघ समजली. शेवटचा भाग समजायला वेळ लागला.

"म्हणजे तू एका मुंगीसाठी थांबणार?"

"घरात बाळंतीण आसा, आणि मी बडोद्याक जावन बसू?" बाईंची भाषा बदलली होती. "तुझ्या वेळेक माका माहेराक जावक मिळूक नाय. पावसात घाट बंद झालो. तुका म्हायती नाय ता. मी ह्या चार भिंतीत एकटी होतंय. हिका मी एकटी सोडूचंय नाय."

निनादनं दुरडी नीट सरळ केली.  केळुसकरांना एकदम त्या भिंतीकडे पाहावंसं वाटलं. तेव्हा पलीकडे दुसरे लोक राहत होते. ते स्वतः या घरात फार नंतर आले. तरी त्यांना उगाचच अपराधी वाटलं.

दुपारी तिघं केळुसकरांच्या टेबलावर जेवले. निनादनं आपल्या पानातला गुळाचा खडा उचलला आणि मुद्दाम आईच्या ओट्यावर नेऊन ठेवला. दिवसभर तो जाऊन जाऊन बघत राहिला. गुळाला मुंगी लागली नाही. माशीसुद्धा लागली नाही, कारण माशा केळुसकरांच्या घरी होत्या, जिथे आता अन्न होतं. मधल्या वेळात आई आणि शेजारचे काका कढीत मीठ आहे की नाही यावरून भांडत होते. त्यानं आईला इतका वेळ, इतक्या आनंदानं भांडताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. बडोद्याला तिच्याशी भांडायला कोण होतं? फ्रिज.

सोमवारी सकाळी त्यानं बॅग उचलली. एकट्याचीच.

"घर मुंगीमुक्त आहे," तो म्हणाला. "म्हणजे, तशा लाखभर मुंग्या आहेत. पण मी शब्द दिला होता. बाळंतीण उठली की फोन कर." मग दारात थांबून केळुसकरांना म्हणाला, "काका, मीठ कमीच होतं." केळुसकरांनी त्या मुलाला त्याच क्षणी सगळं माफ केलं.

श्रावण सरत आला तेव्हा एका पहाटे दुरडीखालून सळसळ ऐकू आली. मैथिली पेटी घेऊन आली. कोषातली पोरं उठली होती, फिकट रंगाची नवी फौज जुनीत मिसळत होती, आणि राणीच्या अंड्यांतून नव्या भुकेल्या अळ्या बाहेर आल्या होत्या. "आता या चालणार," ती म्हणाली. "रानात सोडायच्या. खूप लोक पेट्या मागतायत, पण आम्ही सावकाश देतोय. एका गावानं सगळ्याच मुंग्या साफ करून घेतल्या, साध्यासुध्या काळ्यासुद्धा. मुंग्या वाळवी खातात. मुंग्या गेल्या, वाळवी माजली. तिनं ग्रामपंचायतीची सगळी दप्तरं खाल्ली."

"मग गावाचं नुकसान झालं?" केळुसकरांनी विचारलं.

"ते अजून ठरायचंय."

वाटाड्यानं रेघ ओढली. फौज रगड्यातून उतरली आणि रेघेवरून चालू लागली. मधोमध, दासींच्या गराड्यात, राणी होती. आता बारीक झालेली, पण इतरांहून तरी मोठी. बाईंनी रेघेच्या दोन्ही बाजूंना तांदळाचा एकेक दाणा आणि हळदकुंकवाची चिमूट ठेवली. त्यांनी कधी कुणा लेकीची ओटी भरली नव्हती. आंधळी फौज तांदळाला वळसा घालून गेली.

"ये हां परत," बाई म्हणाल्या. पेटीचं झाकण लागलं.

त्या दिवशी गॅस परत बाईंच्या ओट्यावर गेला. मसाल्याचा डबा गेला, अडोळी गेली. केळुसकर त्यांच्या स्वच्छ झालेल्या तव्याकडे बघत बसले.

दिवस जाऊ लागले. भिंतीतून फोडणीचा वास आला, बातम्या आल्या. हाक नाही आली. केळुसकरांनी फडकं धुऊन वाळत घातलं. दोनदा ते बाईंच्या दारापर्यंत गेले आणि कारण न सापडल्यामुळे परत आले. एकदा तर त्यांनी ओसरीवर उभं राहून 'मी सहज आलो' असं म्हणून पाहिलं. ते त्यांच्या तोंडून कुणालाही खरं वाटलं नसतं. शेवटी एका सकाळी त्यांनी देवघरामागच्या भोकात चमचाभर साखर घातली. दोन दिवसांनी पाहिलं, तर साखर तशीच. घरात, अंगणात, कुठेच मुंगी नव्हती; साध्या मुंग्यांना वेड्यांनी संपवलं होतं आणि वेड्यांना फौजेनं. त्यांनी आणखी एक चमचा घातली. मग आणखी एक. पुण्याचा साठा करणाऱ्या माणसासारखे ते भोक भरत राहिले.

भाद्रपदातला दमट वारा सुटला होता. एका दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला.

"ओ केळुसकर! तुमच्यो मुंग्यो परत इल्यो!"

केळुसकर उठले. फडकं शोधण्यात वेळ न घालवता तसेच गेले.

बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. भिंतीच्या भोकातून एक पारदर्शक ओघळ खाली आला होता. दमट हवेत वितळलेल्या साखरेचा दाट पाक, चिऱ्याच्या लाल रंगानं किंचित तांबूस झालेला. त्याखाली बाईंनी बशी ठेवली होती. बशी बरीच भरली होती.

केळुसकरांनी बशीकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग आपल्या चपलांकडे.

"पूर्वी साखर मुंग्यो व्हरून नेयत," बाई म्हणाल्या, "म्हणान माझ्यापर्यंत फक्त त्योच पोचत. साखर पयल्यांदाच पोचली."

 टेबलावर दोन कप चहा होता, आणि आज कुणी 'जास्त झाला' असं म्हणत नव्हतं.

"पण मुंग्या..." ते शेवटी म्हणाले. "मुंग्या कुठे आहेत?"

"त्यो काय." बाईंनी मोकळ्या, स्वच्छ, कोरड्या भिंतीकडे बोट दाखवलं. "एकच आसा. नीट बघा."

केळुसकरांनी चष्मा वर केला, भिंतीपाशी वाकले आणि बराच वेळ नीट बघितलं.

"दिसली," ते म्हणाले. "दांडगी आहे."

"मगे? किती दिवस लागतले काढूक?"

केळुसकरांनी खुर्ची ओढली आणि बसले. चौकशीच्या खिडकीत त्यांनी हजारो लोकांना हजारो उत्तरं दिली होती, पण एवढ्या खात्रीचं एकही नव्हतं.

"सांगता येत नाही, बाई," ते म्हणाले. "ही मुक्कामाची दिसते."